डोलीत न येणारा मासा

‘मी डोलकर’ माहीत नसलेला मराठी माणूस शोधून काढावा लागेल. शाळेचं गॅदरिंग, हळदीचा डीजे, ऑफिसचा ‘ट्रॅडिशनल डे’, सगळीकडे ते वाजतं. गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये मी सहज विचारलं, डोलकर म्हणजे कोण? बहुतेकांचं उत्तर होतं, बोटीवर डोलतो तो. ऐकायला छान आहे, पण अर्थ तो नाही. डोलकर म्हणजे डोल लावणारा, आणि डोल हे एक जाळं आहे.

लांबलचक शंकूसारखी पिशवी असते ती. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधायची, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं आणि वाट पाहायची. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि त्या पाण्याबरोबर जे येईल ते मागच्या निमुळत्या टोकात साठतं. डोल माशाच्या मागे जात नाही. म्हणून डोलकर घड्याळापेक्षा तिथी जास्त पाहतो. पुनवेला-अवसेला उधाण, पाण्याला ओढ, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, डोल हलकी. हे जाळं वाटेल त्या समुद्रात चालत नाही. मुंबई-अलिबागला उधाणात भरती आणि ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, गोव्याला तो त्याच्या निम्म्यावर येतो. गुजरातपासून रायगडपर्यंतचा जो उथळ, गढूळ, खाड्यांच्या गाळाने भरलेला पट्टा आहे, त्याच्यासाठी डोल बेतलेली आहे. आणि त्या पट्ट्यातल्या माशांसाठी: बोंबील, जवळा, मांदेली, करंदी.

शांता शेळके यांचा जन्म इंदापूरचा, समुद्रापासून चांगलाच लांब. त्यांनी कोळी नायकाची ओळख करून देताना ‘नाखवा’ किंवा ‘दर्यावर्दी’ असे तयार शब्द बाजूला ठेवून जाळ्याचं नाव घेतलं. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकर-हेमंतकुमार यांचे आवाज इतके मोहक आहेत की हा नेमकेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. मला मात्र तो या गाण्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. एका शब्दात माणूस, त्याचं अवजार, त्या अवजाराला लागणारी भरती आणि त्या भरतीबरोबर येणारे मासे, इतकं सगळं बसवलं आहे. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या व्हेरिएबलला इतकं नेमकं नाव कुणी दिलं तर कोड रिव्ह्यूत त्याचं कौतुक होतं. (खरं तर होत नाही, पण व्हायला हवं.)

आता त्या गाण्यात न बसणाऱ्या एका माशाकडे येतो. तारली.

तेलकट तारली हा मलबारचा मासा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, म्हणजे कोचीची ‘सीएमएफआरआय’, गेली अनेक दशकं देशभरच्या बंदरांवर माणसं पाठवून कुठे कोणता मासा किती उतरला याची नोंद ठेवते. तिथल्या ई. विवेकानंदन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या नोंदींवरून एक गोष्ट मांडली. १९८५ च्या आधी तेलकट तारली जवळपास सगळीच्या सगळी ८ ते १४ अंश उत्तर या टापूत, म्हणजे केरळ आणि दक्षिण कर्नाटकासमोर मिळायची. १४ अंशांच्या वर ती नगण्य होती. पुढच्या दोन दशकांत ती १४ ते २० अंशांच्या टापूत वाढत गेली, आणि पूर्व किनाऱ्यावरही वर सरकली. त्यांचं स्पष्टीकरण असं, की उत्तरेकडचं पाणी तापत गेलं आणि पूर्वी थंड वाटणारा समुद्र तिला राहण्याजोगा झाला. अलिबाग साडेअठरा अंशांच्या थोडं वर आहे. म्हणजे महाराष्ट्राचा अख्खा किनारा या नव्या टापूत येतो.

बांगड्याचं तर आणखी मजेशीर आहे. तो मुळात वरच्या थरातला मासा. १९८५ ते ८९ या काळात देशातल्या बांगड्यापैकी सुमारे २ टक्केच तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरना मिळायचा, २००३ ते ०७ मध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेलं. तारली वर सरकली, बांगडा खाली उतरला. घर तापलं की कुणी गच्चीवर जातं, कुणी तळमजल्यावर.

हे तक्ते मी फोनवर माझ्या काकांना दाखवले. त्यांनी अलिबागजवळच्या आमच्या गावी आयुष्यभर डोल लावली आहे. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मोठं करून पाहिलं, आणि म्हणाले, “असंल. पन आमच्या डोलीत तारली नाय येत. तिला धावून धरावं लागतं.”

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या वाक्यातून निघालं आहे. आपल्याकडे समुद्रावर जे गायलं, लिहिलं आणि चित्रित केलं जातं, त्याला गेलेला मासा कळतो. आलेला मासा कळत नाही. पापलेट गेलं, रावस गेला, घोळ गेली, आजीच्या हातचं कालवण गेलं: हा सूर आपल्याला पाठ आहे. कोकणातल्या खाण्यावरचे लेख काढा, दिवाळी अंकातला असो किंवा इन्स्टाग्रामवरची लांबलचक कॅप्शन, नव्वदच्या दशकातल्या ताटाचं वर्णन आणि शेवटी सुस्कारा, हा त्यांचा साचा झाला आहे. आगमनासाठी असा कुठलाच साचा नाही. त्यामुळे तापलेल्या समुद्राची जी खूण रोज बंदरावर टोपल्यांनी उतरते, ती आपल्या साहित्यात कुठे दिसत नाही.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यावर भरपूर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या पडलेल्या पोफळी, उडालेले पत्रे, महिनाभर नसलेली वीज. वादळाला तारीख असते, नाव असतं, आधीचा आणि नंतरचा फोटो असतो. तारली कोणत्या तारखेला आली? तिच्या येण्याला वीस वर्षं लागली. शिवाय, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, तिचं नाव आपल्याकडे आधीपासून होतं. तारली, पेडवे ही नावं कोकणात छोट्या, चंदेरी, काटेरी माशांच्या अख्ख्या गोतावळ्याला सैलपणे लावली जातात. त्या गोतावळ्यातल्या स्थानिक जाती इथे पूर्वीपासून होत्याच. त्यामुळे मलबारची तेलकट बहीण आली तेव्हा तिला वेगळं नाव द्यावं लागलं नाही. एखादा अनोळखी रंगाचा, अनोळखी आकाराचा मासा जाळ्यात आला असता तर बंदरावर गर्दी जमली असती, पेपरात फोटो आला असता. ही मात्र ओळखीच्या नावाने टोपलीत शिरली.

आयातीला भाषेने कसं पकडावं याची दोन उदाहरणं देतो. २००७ नंतर अटलांटिकमधला मॅकरल, म्हणजे बांगड्याचा थंड प्रदेशातला लांबचा भाऊ, मोठ्या संख्येने आइसलँडच्या समुद्रात जाऊ लागला. आइसलँड आणि फॅरो बेटांनी स्वतःचा वाटा वाढवला, युरोपियन युनियन आणि नॉर्वे खवळले, पेपरांनी त्याला ‘मॅकरल वॉर’ असं नावच दिलं. मासा आल्याची बातमी झाली कारण तो सरहद्द ओलांडून आला. आपल्याकडेही सरहद्दीची भाषा आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बातम्यांत ‘परप्रांतीय ट्रॉलर’ हा शब्द कित्येक वर्षं ठाण मांडून आहे, मलप्याच्या बोटी आणि इथले मच्छीमार यांच्यातली भांडणं त्यात येतात. बोट परप्रांतीय आहे हे आपल्याला लगेच कळलं. मासाही परप्रांतीय आहे, हे मात्र मी मराठी बातमीत क्वचितच वाचलं आहे.

आता विवेकानंदन यांच्या मांडणीकडे जरा संशयाने पाहू, कारण एखाद्या आलेखावर भाळून जाणं हा माझ्या व्यवसायातला नेहमीचा रोग आहे. बंदरावरची नोंद मासा कुठे उतरला ते सांगते, तो कुठे पकडला ते सांगत नाही. दुसरं, याच काळात कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, पर्ससीन जाळी वाढली. पर्ससीन म्हणजे थव्याभोवती गोल फिरून त्याला वेढणारं आणि खालून बटव्यासारखं आवळलं जाणारं जाळं. तारलीसारख्या थव्याने राहणाऱ्या माशासाठीच ते आहे. मग आकडा वाढला तो मासा आला म्हणून, की जाळं आलं म्हणून? नुसत्या महाराष्ट्राच्या आकड्यांवरून याचं उत्तर देता येणार नाही. पण पूर्व किनाऱ्यावरचा तिचा प्रसार, बांगड्याचं खाली उतरणं आणि पाण्याचं मोजलेलं तापमान हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं. पुण्याच्या ‘आयआयटीएम’मधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की हिंदी महासागराचा पश्चिम भाग १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यांमध्ये सुमारे १.२ अंशांनी तापला. माणसाला १.२ अंश म्हणजे पंख्याचं बटण एक घर पुढे. माशाचं शरीर पाण्याच्याच तापमानाचं असतं, त्याला पंखा नाही.

दुसरीकडचा पुरावा जागतिक आहे, आणि मला तो कल्पना म्हणून फार आवडतो. विल्यम चुंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जगभरच्या मासेमारीच्या नोंदी घेतल्या, प्रत्येक जातीला तिच्या आवडीचं तापमान जोडलं आणि पकडलेल्या सगळ्या माशांचं सरासरी ‘तापमान’ काढलं. म्हणजे टोपलीच थर्मामीटर. १९७० ते २००६ या काळात ही सरासरी दर दशकाला ०.१९ अंशांनी वाढली. बंदरावर जी मावशी रोज टोपल्या बघते, तिने कुठलंही यंत्र न लावता हे मोजमाप केलेलं असतं. फक्त तिच्या मोजमापाला कुणी वाचक मिळालेला नाही.

मग या विषयावरची आपली सगळ्यात चर्चिली गेलेली अलीकडची कलाकृती काय करते? सर्वनिक कौर यांचा माहितीपट ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३ च्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांच्या विशेष पुरस्काराचा मानकरी ठरला. मुंबईचे दोन कोळी मित्र, राकेश आणि गणेश. राकेश वडिलांच्या बोटीवर, किनाऱ्याजवळ, जुन्या पद्धतीने मासेमारी करतो. गणेश परदेशात शिकून आलेला, खोल समुद्रात जाणारा, कर्जात बुडालेला. रात्री प्रखर दिवे लावून मासे वर ओढण्याच्या एलईडी मासेमारीचा मोह त्याच्यासमोर आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी आणली आहे. खाडीपलीकडचा असल्यामुळे असेल, पण मला त्यातली घरं, बोलण्यातले हेलकावे, पैशांवरून होणारी अडखळ हे सगळं इतकं जवळचं वाटलं की समीक्षा करायला बसताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

तरी करतो. चित्रपटाचा सगळा ताण परंपरा आणि यंत्र यांच्यामध्ये उभा आहे. एका मित्राने समुद्राला आई मानलं, दुसऱ्याने ओरबाडलं, आणि समुद्र आटत चालला आहे. ही मांडणी नाट्यमय आहे, प्रामाणिकही आहे. पण या मांडणीत ‘मासळी’ हा एकच शब्द राहतो आणि ती कमी होते किंवा जास्त. कोणती मासळी, कोणत्या पाण्यातली, कुणाच्या जागी आलेली, याला फार वाव उरत नाही. त्यामुळे तापमानवाढ दोन माणसांच्या नैतिक निवडीत मुरून जाते: जणू गणेशने दिवे लावले नाहीत तर राकेशची डोली-जाळी भरतील. भरणार नाहीत. राकेशने काहीही चूक केली नाही तरी त्याचं पाणी बदललं आहे. त्याच्या जाळ्याच्या जागेवर आता जे जास्त पोहतं ते त्याच्या जाळ्यात शिरत नाही. ही शोकांतिका मैत्रीच्या शोकांतिकेपेक्षा कोरडी आहे, तिला खलनायक नाही, म्हणून ती पडद्यावर आणणं अवघड आहे. मला तो चित्रपट अजून दोन तास चालला असता आणि त्यात माशांना नावं मिळाली असती तर हवं होतं.

सरकारी प्रतीकांचीही हीच तऱ्हा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेट, आपल्या भाषेत सरंगा, हा राज्यमासा जाहीर केला. हेतू चांगला आहे: लहान पिल्लं पकडली जाऊ नयेत, मासा टिकावा. पण गौरव पुन्हा त्याच माशाचा जो हातातून निसटतो आहे. मी याला विरोध करत नाही. मला फक्त वाटतं की ज्या राज्याला आपला राज्यमासा ठरवावा लागतो, त्याने आपल्या समुद्रात सध्या सगळ्यात जास्त कोण राहतं याचीही अधूनमधून जनगणना जाहीर करावी.

इथे कुणी विचारेल, आला मासा तर बिघडलं काय? एक गेला, दुसरा आला. तारली स्वस्त आहे, पौष्टिक आहे, ओमेगा-३ की काय ते तिच्यात भरपूर आहे. टनात मोजलं तर हिशेब जुळूनही जाईल. हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पर्यावरणावर लिहिणारे लोक मला कंटाळवाणे वाटतात.

पहिली गोष्ट, पाहुणा काय खातो ते पाहायला हवं. तारली तोंड उघडं ठेवून पाणी गाळते आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी खाते, त्यातही डायटम नावाच्या काचेच्या कवचाच्या सूक्ष्म वनस्पती तिला प्रिय. म्हणजे ती साखळीच्या अगदी पायथ्याशी जेवायला बसते. त्याच पायथ्यावर कोळंबीची, जवळ्याची, इतर माशांची पिल्लं जगतात. तिच्या मागून तिला खाणारे येतात: सुरमई, कुपा, वाकटी. एक जात आली की तिच्यासोबत जेवणाची अख्खी पंगत बदलते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर २०११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर नेमकं हे दिसलं. तिथली केल्प नावाच्या मोठ्या समुद्रशैवालाची जंगलं सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातून नाहीशी झाली. पाणी नंतर निवलं, पण जंगल परत आलं नाही, कारण उष्ण समुद्रातले शैवाल खाणारे मासे तोवर तिथे आले होते आणि उगवणारा प्रत्येक कोंब कुरतडत होते. आपल्याकडे केल्पची जंगलं नाहीत, गाळ आणि गढूळ पाणी आहे, त्यामुळे नाटक दिसणार नाही. पाण्याखालचा बदल गढूळ पाण्यात झाला की त्याचा ड्रोन शॉट निघत नाही.

पायथाही जागेवर राहिलेला नाही. कोल यांच्याच २०१६ च्या अभ्यासात हिंदी महासागराच्या पश्चिम भागातल्या या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं आढळलं. अरबी समुद्राच्या उत्तर भागात २००० नंतरच्या हिवाळ्यांत डायटमच्या जागी नॉक्टिल्युका नावाचा चमकणारा जीव फोफावू लागला आहे. तारलीचं आवडतं जेवण डायटम, आणि नॉक्टिल्युका खायला पुढे येतात ते जेलीफिशसारखे जीव. नॉक्टिल्युकाचा किनाऱ्यावरचा अवतार तुम्ही पाहिला आहे. रात्री लाट फुटते आणि निळा उजेड पडतो, त्याची रील्स दर हिवाळ्यात कोकणातून येतात, खाली ‘स्वर्ग’ असं लिहिलेलं असतं. दिसतो सुंदर, यात वाद नाही. समुद्राची प्रकृती अशी सुंदर दिसत असताना बिघडलेली असू शकते याची आपल्याला सवय करून घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट पाहुण्याच्या स्वभावाची. तारली बेभरवशाची आहे, आणि हे तापमानवाढीच्याही आधीपासून. केरळात २०१२ मध्ये ती सुमारे ४ लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ३,२९७ टन. स्वल्पविराम बरोबर जागी आहे, मी दोनदा तपासलं. १९९४ नंतरचा तो नीचांक होता. मलबारात तिच्या या चढउतारांची शंभर वर्षांची आठवण आहे, भाषा आहे, तिच्यासाठी बोटी आणि बाजार आहेत, तरी तिथले संसार हलले. आपल्याकडे ती पाहुणी आहे. तिच्या भरवशावर कर्ज काढून जाळं घेणाऱ्याकडे ती आठवण नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१६ पासून पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे, आणि ती का आहे हे लहान मच्छीमारांना विचारलं तर ते सविस्तर सांगतील.

तिसरी गोष्ट बोंबलाची. बोंबील भारतात दोनच ठिकाणी भरपूर मिळतो: गुजरात-उत्तर महाराष्ट्राचा किनारा आणि बंगालच्या उपसागराचं टोक. मधल्या सगळ्या दक्षिण किनाऱ्यावर तो जवळजवळ नाहीच. म्हणजे रायगड हा त्याच्या घराच्या दक्षिणेकडच्या उंबरठ्याजवळ आहे आणि तारलीच्या नव्या घराच्या उत्तरेकडच्या. दोन माशांच्या नकाशांच्या कडा आपल्या जिल्ह्यासमोर एकमेकींवर चढल्या आहेत. पाणी आणखी तापलं तर दक्षिणेची कड वर सरकणार, हे सोपं गणित. पण वर कुठे? नॉर्वेच्या माशाला उत्तर ध्रुवापर्यंत मोकळा रस्ता आहे. अरबी समुद्र पंचविसाव्या अंशाच्या आसपास मकरानच्या किनाऱ्यावर संपतो, आणि खंबातचं आखात तर त्याच्याही कितीतरी आधी. आपल्या उत्तरेला जमीन आहे. बोंबलाच्या घटीला तापमान एकटं जबाबदार नाही, हेही सांगायला हवं. न्हावा-शेवापासून पुढे बंदरं, भराव, गाळ उपसणं, खाड्यांत सोडलेलं रसायनयुक्त पाणी, बारीक आसाची जाळी, यादी मोठी आहे. तापमान या सगळ्यांच्या वर येऊन बसलं आहे.

आणि तारलीच्या मागून कोण येणार? चुंग यांच्या त्याच अभ्यासात उष्ण कटिबंधातली टोपलीची सरासरी आधी वाढली आणि मग सपाट झाली. समशीतोष्ण समुद्रात थंड पाण्याचा मासा गेला की उष्ण पाण्याचा येतो. आपल्याकडे थोडं थंड आवडणारे निघून गेले की त्यांच्या जागी यायला आणखी उष्ण समुद्रच नाही, तिथला मासा कुठून येणार? मला हा आलेख पहिल्यांदा समजला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो आणि स्टॉप चुकवला.

शेवटी जे मला सगळ्यात जास्त खुपतं, ते ना गाण्यात आहे ना विज्ञानाच्या त्या निबंधात. मासा सुकवण्याचं काम. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि तेल नगण्य. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाकायचे, उन्हात खडखडीत वाळतात. जवळा खळ्यावर पसरायचा, वाळतो. हे काम बायकांचं आहे, आणि त्या सुक्या मालाचा पैसा बहुतेक घरांत बायकांच्या हातात राहतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने आमच्याकडची कितीतरी घरं सुक्यावर निघतात, खाण्यासाठीही आणि विकण्यासाठीही. आगोटीच्या आधी अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या बाजारात सुक्याची खरेदी करायला घाटावरून माणसं येतात.

तारली तेलकट आहे. नुसत्या उन्हात टाकली तर तेल खवट होतं, वास सुटतो, माल टिकत नाही. जाळ्यातून निघाल्यावर तिला ताबडतोब बर्फ लागतो. ताजी खपली नाही तर ती फिशमील आणि माशाच्या तेलाच्या कारखान्यांकडे जाते, ट्रकने, टनावर. बंदरावरून थेट. खळ्यावर तिला थांबा नाही, दोरीवर तिला जागा नाही. टनांच्या तक्त्यात बोंबलाची जागा तिने भरून काढली असं दिसेल आणि तो तक्ता खोटाही नसेल. फक्त जो पैसा पूर्वी खळ्यावरून फिरून घरात यायचा, तो आता बोटमालक आणि ट्रक यांच्यामधल्या एका फोनवर संपतो.

माझ्या काकूने दोन वर्षांपूर्वी खळ्याची अर्धी जागा पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला दिली. शनिवार-रविवारी दोनशे रुपये गाडीमागे. उरलेल्या अर्ध्यावर अजून बांबू उभे आहेत. मे महिन्यात त्यावर बोंबील होते, पण दोऱ्यांच्या वरच्या दोन ओळी रिकाम्या होत्या, आणि तिने त्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या.